फाटकावरच्या पहारेकऱ्याचं मरण

मला मरता येत नाही, हे मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं तोंडावर सांगितलं. तेही अगदी अदबीनं सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

"पाक गुरू, तुम्ही पडता छान," पर्तिवी म्हणाली. "पण मेलात असं वाटत नाही. दमलात असं वाटतं."

एकतीस वर्षं मी बांडुंगच्या शाळेत भूगोल शिकवला. आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी मानानं 'पाक' लावतात, बाईच्या नावाआधी 'बू', म्हणून मी 'पाक गुरू'. या पर्तिवीनं सहामाहीच्या पेपरात चितारुम नदी समुद्रातून काढून डोंगरावर चढवली होती आणि तरीही मी तिला पास केलं होतं. त्या उपकाराची आठवण तिला असेल असं मला वाटायचं. आता ती एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर सहा जणांना घेऊन गेम बनवत होती. मारामारीचा गेम. त्यातला नायक म्हणजे सैन्यातून सुटलेला माणूस. एका बड्या तस्कराच्या बंगल्यात शिरतो आणि भावाचा सूड घेता घेता दोनशे चौदा माणसं मारतो. दोनशे चौदांपैकी पहिला तो फाटकावरचा पहारेकरी. तो मी.

सुरुवातीला फक्त चेहरा हवा होता. पर्तिवी केळं भरलेल्या बोलेन पेस्ट्रीचा खोका घेऊन आमच्या घरी आली आणि म्हणाली, "पाऊण तासाचं काम आहे, पाक. आम्हाला असा चेहरा हवाय, की ज्यानं आयुष्यभर नियम पाळले आणि त्याचं कुणीच कौतुक केलं नाही."

माझ्या बायकोनं, इमासनं, चहा ओतता ओतता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग योग्य घरी आलीस."

चेहऱ्याचे फोटो निघाले. मग त्या चेहऱ्याला आवाज हवा, आणि आवाज दुसऱ्याचा लावला तर ओठ जुळत नाहीत, म्हणून आवाजही माझाच ठरला. मग आवाजाबरोबर पडणंही आलं. नव्वद किलोंचा माणूस कसा कोसळतो हे तिच्या पंचविशीतल्या सडपातळ पोरांना दाखवता येईना. असा मी पायरी पायरीनं मरणापर्यंत आलो. माणूस एकदम मोठी चूक करतच नाही. लहान लहान गोष्टींना हो म्हणत जातो.

पर्तिवीचं म्हणणं मला पटलं होतं, हे मात्र कबूल करायला हवं. ती म्हणाली, "बाजारातल्या सगळ्या गेममध्ये पहारेकरी एकच मरण मरतो, पाक. हात वर, 'आऽऽ', धप्प. तो 'आऽऽ' तयार विकत मिळतो. जगभर एकच माणूस ओरडत असतो आणि कुणाला काहीही वाटत नाही. आमच्याकडे भिंतीचा पोपडा खरा आहे, गंजलेली कडी खरी आहे, पावसाचं डबकं इतकं खरं आहे की पाय आखडून घ्यावासा वाटतो. आणि माणूस खोटा. मला पहिलाच माणूस असा मरायला हवाय, की खेळणाऱ्याचा हात थांबला पाहिजे."

"मग पुढची दोनशे तेरा माणसं तो कशी मारणार?" मी विचारलं.

"तेच बघायचंय," ती म्हणाली, आणि मला घरी सराव करायला सांगून गेली.

आमच्या गल्लीत कुठलीही गोष्ट एकट्यानं करता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गस्तीच्या चौकीत मी बसलो, तर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पाक ओंदी आमच्या गल्लीचे प्रमुख. सरकारदरबारी जाणाऱ्या प्रत्येक कागदावर पहिला शिक्का त्यांचा पडतो आणि शिक्क्याची डबी ते शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पहारेकरी सरकारी की खासगी?"

"तस्कराचा आहे. म्हणजे खासगीच."

"मग टोपी पडली तरी चालेल," ते गंभीरपणे म्हणाले.

पाक कार्दी हे तीस वर्षं इस्पितळात वॉर्डबॉय होते. मरणाच्या बाबतीत आमच्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. "मी इतकी माणसं जाताना पाहिली," ते म्हणाले, "एकही 'आऽऽ' म्हणाला नाही. माणूस पाणी मागतो, नाहीतर नर्सला नावं ठेवतो."

"माझ्या दिरांना उचकी लागली होती," आमच्या शेजारच्या बू योयोह म्हणाल्या. त्या चौकीत बसत नाहीत, पण चौकीसमोर झाडू मारत राहतात. "तुम्ही उचकी घ्या, पाक गुरू. उचकीनं काळजाला हात लागतो."

"गोळी लागलेला माणूस उचकी देत नाही, बू," पाक कार्दी म्हणाले.

"तुमच्या वॉर्डात गोळी लागलेले किती आले?"

पाक कार्दींनी आठवून पाहिलं. "एकही नाही. पण सुरी लागलेला एक होता. तो म्हणाला, शर्ट कापू नका, नवा आहे."

मी घरी येऊन हे सगळं इमासला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला सर्दी झाली तरी चार घरांना कळतं. तुम्ही काय गुपचूप मरणार?" त्या रागातूनच मी सराव मनावर घेतला, हे नमूद करून ठेवतो.

बुधवारी सकाळी इमास बायकांच्या कुराणपठणाला गेली. दहाचा सुमार. मी रमजानमधून उरलेली गुलाबाच्या सरबताची बाटली काढली, कारण पर्तिवीला कापडावर डाग कसा पसरतो त्याचा व्हिडिओ हवा होता. जुना पांढरा शर्ट घातला, पोटावर अर्धी बाटली ओतली, मोबाइल कुंडीला टेकवून चालू केला आणि आमच्या फाटकाच्या आत, फरशीवर, मी मरायला सुरुवात केली.

पहिली तीन मरणं फुकट गेली. एकदा गुडघा वाजला, एकदा भाजीवाला ओरडत गेला, एकदा मलाच हसू आलं. चौथ्या वेळी मात्र जमलं. मी कुशीवर पडलो, एक हात अंगाखाली अडकला तो तसाच राहू दिला, तोंड किंचित उघडं. ते उघडं तोंड मला आतून सुचलं होतं. मुंग्या यायला लागल्या. एक माझ्या भुवईवरून चालत गेली आणि मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी कलात्मक करतो आहोत अशी भावना माझ्या मनात दाटून आली, आणि नेमक्या त्याच क्षणी बू योयोह फाटकातून वाटीभर मीठ मागायला आत आल्या.

त्या ओरडल्या. मी बरंच ऐकलं आहे आयुष्यात, भूकंपाच्या वेळी अख्खी शाळा एकदम ओरडलेली ऐकली आहे. पण असं ओरडणं मी ऐकलं नव्हतं. वाटी फुटली. मी उठायला हवं होतं. आज मी हे मान्य करतो. पण व्हिडिओ चालू होता आणि मरण फार चांगलं चाललं होतं. मी मनात वीस आकडे मोजायचे ठरवले. अकरापर्यंत आलो तेव्हा बू योयोह गल्लीतून धावत गेलेल्या होत्या.

मी उठलो. अंग चिकट झालं होतं, म्हणून आधी न्हाणीघरात गेलो. आता त्यांच्यामागे धावलो असतो तर हा सगळा प्रसंग टळला असता, पण पोटावर लाल डाग घेऊन निवृत्त शिक्षकानं रस्त्यावर धावणं मला प्रशस्त वाटलं नाही. डोक्यावर पाणी ओतत असताना मशिदीच्या भोंग्यावरून कुणीतरी गेल्याची वार्ता ऐकू आली. पाण्याच्या आवाजात नाव समजलं नाही. गेलेल्यासाठी जे म्हणायचं असतं ते मी मनातल्या मनात म्हटलं आणि साबण लावला.

सारोंग नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून मी बाहेर आलो, तेव्हा माझ्या फाटकाला पिवळं निशाण बांधलेलं होतं. आमच्याकडे मयताच्या घराला बांधतात ते. पाक ओंदी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून घेत होते. फरशीवर लाल डागाभोवती माणसं गोल उभी होती आणि पाक कार्दी सगळ्यांना सांगत होते, "इस्पितळात नेलं असणार. एवढं रक्त गेल्यावर काय उपयोग."

"कुणाला नेलं?" मी विचारलं.

पाक कार्दी पुढे आले, माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट थांबले आणि पाक ओंदींकडे वळून म्हणाले, "नाडी आहे."

"पण मी कळवून टाकलं," पाक ओंदी म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. ते कुणाला कळवलं म्हणत होते हे मला तेव्हा समजलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून इमास आली. ती धावत नव्हती. पाठीमागून दोघी बायका तिचा दंड धरू पाहत होत्या आणि ती सोडवून घेत होती. ती फाटकात थांबली. तिनं निशाण पाहिलं, खुर्च्या पाहिल्या, मग मला पाहिलं. मी टॉवेल नीट केला. "सराव चालला होता," मी म्हणालो.

ती माझ्या बाजूनं घरात गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे मयताला बायका घमेल्यातून तांदूळ आणतात. आणलेले तांदूळ एकदा पोत्यात मिसळले की कुणाचे किती ते सांगता येत नाही. मी ते परत करायला दारोदार गेलो. कुणी घेईना. "असू द्या, पाक गुरू," एक बाई म्हणाली, "कधीतरी लागतीलच." आमचा मुलगा दूर बाताम बेटावर असतो. त्याला कुणीतरी फोन केला होता. त्यानं घरी फोन लावला, मी उचलला, "हॅलो" म्हणालो, आणि तो काहीच बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हणालो, "तुझा बाप." त्यावर तो रडला, आणि रडून झाल्यावर इतकं बोलला की तो माझ्याच वर्गात असता तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं.

शुक्रवारी मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात गेलो. खिडकीतल्या मुलीनं माझा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे गृहस्थ वारलेत," ती म्हणाली.

"ते मीच."

"मग तुम्हाला गोळ्या नाही देता येणार, पाक."

पाक ओंदींनी कळवलं ते हे. मृत्यूची नोंद त्याच दिवशी व्हावी असा नियम आहे. तो नियम आमच्या गल्लीत आजवर कुणी पाळला नव्हता, आणि पाक ओंदींनी तो नेमका माझ्या बाबतीत पाळला. वॉर्ड कचेरीतल्या कारकुनालाही नेमकं त्या बुधवारी दुसरं काम नव्हतं. इकडे पर्तिवीच्या करारालाही अडचण आली. चेहरा वापरायची परवानगी देणारा माणूस हयात असावा लागतो, आणि कागदोपत्री मी नव्हतो. माझा चेहरा द्यायचा अधिकार आता माझ्या वारसांकडे गेला होता.

मी कचेरीत गेलो. कारकून सभ्य माणूस होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "अडचण अशी आहे, पाक, की मयत व्यक्तीला स्वतः अर्ज करता येत नाही. पत्नीनं करायला हवा. आणि गल्लीप्रमुखाचं पत्र लागेल, तुम्ही जिवंत असल्याचं."

पाक ओंदी पत्राला तयार होईनात. "एकाच आठवड्यात एकाच माणसाची दोन उलट पत्रं," ते म्हणाले. "वरच्या कचेरीत माझ्याबद्दल काय वाटेल?" मग दोन तास बसून त्यांनी मजकूर केला: "सदर गृहस्थ पुन्हा जिवंत असल्याचे दिसून येते." मी 'पुन्हा' या शब्दाला हरकत घेतली. ते म्हणाले, 'पुन्हा' काढला तर आधीचं पत्र खोटं ठरतं. मी म्हणालो, खोटंच होतं. ते म्हणाले, "मी प्रामाणिकपणे कळवलं होतं, पाक गुरू. कळवताना शिक्का दोनदा वाकडा पडला." हे ऐकल्यावर मला वाद घालता आला नाही. 'पुन्हा' राहिला. आजही माझ्या फायलीत मी पुन्हा जिवंत आहे.

राहिली इमासची सही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, हात पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसली. वाटेत बोलली नाही.

कारकुनानं फॉर्म पुढे घेतला. "अर्जदाराचं मयताशी नातं?"

"बायको," इमास म्हणाली. चार दिवसांतला तो मी ऐकलेला पहिला शब्द.

"मयत जिवंत असल्याचं तुम्हाला कधी कळलं, बू?"

इमासनं टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. "भोंगा मी आमच्या कोपऱ्यावर ऐकला," ती म्हणाली. "कोपऱ्यापासून आमच्या फाटकापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. ती मी मोजत आले, कारण मोजलं नसतं तर तिथंच बसले असते. यांच्या अंगावर घालायला पांढरी चादर कुठल्या कपाटात आहे ते आठवत होते. साठावं पाऊल होतं तेव्हा आठवलं. एकशे चाळीस झाली, तेव्हा हे टॉवेल घेऊन उभे होते."

कारकुनाचा हात थांबला होता. "हे लिहायला यात जागा नाही, बू," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग वेळ लिहा. साडेअकरा."

त्या दिवशी घरी येताना मी मोटरसायकल फार सावकाश चालवली. मी पर्तिवीला नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. इमासच म्हणाली, "आता एवढं झाल्यावर अर्धवट सोडू नका. एकदा नीट मरा आणि मोकळे व्हा."

म्हणून पुढच्या आठवड्यात मी लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर उभा होतो. अंगाला घट्ट चिकटणारा काळा पोशाख, त्यावर जागोजाग पांढऱ्या गोळ्या, चारी बाजूंना हालचाली टिपणारे कॅमेरे. आरशात पाहिलं तर मी एखाद्या फुगलेल्या नकाशासारखा दिसत होतो आणि त्यावरची सगळी ठाणी चुकलेली होती. खालून कपडे वाळवायच्या यंत्राची घरघर येत होती. ती थांबली की मरायचं.

बू योयोहची किंकाळी माझ्या मोबाइलमध्ये निघाली होती. पर्तिवीनं ती ऐकली आणि तिचे डोळे चमकले. अशी किंकाळी विकत मिळत नाही, ती म्हणाली. बंगल्यातल्या स्वयंपाकिणीला ती लावायचं ठरलं, आणि बू योयोहनी आपलं नाव शेवटच्या यादीत पूर्ण यावं या अटीवर परवानगी दिली. म्हणजे आमच्या गल्लीतून एक खरी गोष्ट मिळाली होती. माझी मिळत नव्हती.

सव्वीस वेळा मी मेलो. उचकीसह मेलो, उचकीविना मेलो, पाक कार्दींच्या सल्ल्यानं पाणी मागून मेलो. फरशीवरच्या कामगिरीतलं उघडं तोंडही करून पाहिलं. पर्तिवी प्रत्येक वेळी पडद्याकडे बघायची आणि "छान, पाक" म्हणायची. त्या "छान"चा अर्थ मला ठाऊक होता. एकतीस वर्षं मी स्वतः तो पोरांना वापरला आहे. त्यानंतरच ती ते दमल्यासारखं वाटण्याचं बोलली.

मी खाली बसलो. गुडघ्यातून कळ येत होती. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि कुणी केला ते सांगता येत नव्हतं.

पर्तिवी माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. वर्गात बसायची तशीच, पाय एका बाजूला घेऊन. "पाक," ती म्हणाली, "तुम्ही कुणाला जाताना पाहिलंय?"

"वडिलांना."

"ते काय म्हणाले?"

खालचं यंत्र थांबलेलं होतं. मी का सांगितलं मला माहीत नाही. "काही नाही. विशेष काही नाही. गारुतच्या इस्पितळात होते. त्यांच्या नव्या चपला वॉर्डाच्या बाहेर दारात काढलेल्या होत्या, चामड्याच्या, ईदला घेतलेल्या. त्यांना त्याचीच काळजी. माझ्या चपला बघ रे, म्हणाले. कुणीतरी घालून जाईल."

पर्तिवीनं पोरांना कॅमेरे चालू करायची खूण केली.

"तेच म्हणा, पाक," ती म्हणाली. "पडू नका. बसल्याबसल्या भिंतीला टेका आणि तेवढंच म्हणा."

मी टेकलो आणि म्हणालो. एकदाच. वर पाहिलं तेव्हा पर्तिवी यंत्राकडे तोंड करून उभी होती आणि कुणी "छान" म्हटलं नाही.

गेम तयार झाल्यावर पाक ओंदींनी गल्लीच्या सभागृहात रविवारी दुपारी तो दाखवायचा ठराव केला. भिंतीवर चादर लावली, पर्तिवीनं यंत्र जोडलं, इमासनं तळलेले टोफू केले. खेळायचा मान पाक कार्दींना दिला, कारण वय आणि अनुभव. त्यांना कळ कुठली दाबायची हे नीट कळत नव्हतं, त्यामुळे नायक बराच वेळ एका डबक्यात गोल गोल फिरत राहिला. लोकांनी डबक्याचं कौतुक केलं. मग पर्तिवीनं त्यांना थोडा वेळ बंगल्याच्या आतला भाग खेळू दिला. स्वयंपाकीण ओरडली, सभागृह हादरलं, आणि बू योयोह उठून उभ्या राहिल्या. टाळ्या पडल्या. पाक कार्दींना आता गोडी लागली होती. पाच माणसं पडली, सात पडली, लोक आकडे ओरडत होते. सातवा पडला तेव्हा पाक ओंदीसुद्धा खुर्चीवर पाय घेऊन बसले होते.

"आता पाक गुरूंना मारा!" कुणीतरी म्हणालं.

पर्तिवीनं गेम परत सुरुवातीला नेला. फाटक, पोपडा उडालेली भिंत, पावसाची भुरभुर. टोपी घातलेला मी उभा. लोक हसले. पाक कार्दींनी मागे वळून मला हात जोडले, "माफ करा हं, पाक गुरू," आणि कळ दाबली.

भिंतीवरचा मी दचकलो नाही. हात वर गेले नाहीत. भिंतीला टेकत खाली बसलो, पोटाकडे पाहिलं आणि मग डोकं दाराकडे वळवलं. "माझ्या चपला दाराशी आहेत," पहारेकरी म्हणाला. "बघ रे जरा. कुणीतरी घालून जाईल."

पाऊस पडत राहिला. पुढे जायची खूण चादरीवर लुकलुकत होती. पाक कार्दींनी हातातलं यंत्र मांडीवर ठेवलं, मग शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. "दुसरं कुणीतरी खेळा," ते म्हणाले. कुणी पुढे आलं नाही. बू योयोह दाराकडे पाहत होत्या; तिथं सगळ्यांच्याच चपला काढलेल्या होत्या. पर्तिवी भिंतीकडे न बघता लोकांकडे बघत होती. तिला हवं ते मिळालं होतं, पण आनंद झाल्यासारखी ती दिसत नव्हती.

इमास उठली आणि टोफूचं ताट तिथंच ठेवून निघून गेली.

मी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती. काही शिजत नव्हतं, नुसती बसली होती. मी समोर बसलो.

"ते तुमच्या वडिलांचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"छत्तीस वर्षं मी तुमच्याबरोबर आहे. मला तुम्ही सांगितलं होतं, ते शांतपणे गेले. हात तुमच्या हातात होता. काही बोलले नाहीत."

"हो."

"आणि हे तुम्ही त्या पोरीला सांगितलंत. तिच्या यंत्राला सांगितलंत. मला पाक कार्दींच्या शेजारी बसून कळलं, चादरीवर."

बाहेर बू योयोह झाडू मारत होत्या. झाडूचा आवाज आमच्या फाटकापाशी आला, थांबला आणि परत गेला.

"तिला सगळं नाही सांगितलं," मी म्हणालो.

इमासनं वर पाहिलं.

"हात माझ्या हातात नव्हता. मी तिथं नव्हतो. चपला बघ म्हणाले म्हणून मी बघायला बाहेर गेलो. खरं म्हणजे वैतागून गेलो. तीन रात्रींचं जागरण झालं होतं, आणि या माणसाला चपलांची पडली आहे असं वाटलं. बाहेर कुणाचातरी भाऊ भेटला, त्याच्याशी दोन शब्द बोललो. परत आलो तेव्हा नर्स त्यांचे डोळे मिटत होती. तुला काय सांगणार होतो? सगळ्यांना मी हाताचं सांगितलं. आईलाही."

इमासनं टेबलावरचा माझा हात, माझ्याकडे न बघता, उलटा करून आपल्या हाताखाली घेतला.

"चपला होत्या का?" तिनं विचारलं.

"होत्या. दोन्ही. मी उचलून आत आणल्या होत्या, त्यांना दाखवायला."

"मग?"

"दाखवल्या," मी म्हणालो. "नर्स म्हणाली, आता काय उपयोग. तरी दाखवल्या."